नांदायला नकार देणारी रखमाबाई

मैत्रिणींनो, आपल्याकडं एक शब्द फार वापरला जातो. नांदणं. लेक सासरी सुखात असली तरी ती नांदते आणि रोज रडत असली तरी ती नांदतेच. पंचमीला माहेरी आलेली लेक पोळ्यापर्यंत राहिली की गल्लीतल्या बाया तिच्या आईला हळूच विचारतात, काय हो, लेक नांदत नाही का? मग आई मान खाली घालते आणि लेक आतल्या खोलीतून बाहेर येत नाही. जावयाला मात्र असा प्रश्न कुणी विचारत नाही.

बचत गटाच्या बैठकींच्या निमित्तानं कंधारच्या आसपासच्या गावांत माझं जाणं-येणं असतं. तिथं हा शब्द कानावर आला की मला एक बाई आठवते. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची, मुंबईची. लहानपणी लावून दिलेल्या लग्नात मी नांदणार नाही, असं तिनं भर कोर्टात सांगितलं. कोर्टानं तुरुंगाची भीती घातली तर तुरुंगात जायची तयारी दाखवली. तिचं नाव रखमाबाई. पुढं ती डॉक्टर रखमाबाई झाली. शाळेच्या पुस्तकात आपण सावित्रीबाई वाचल्या, रमाबाई वाचल्या, आनंदीबाई वाचल्या. रखमाबाई मात्र आपल्यापैकी फार थोड्या जणींना माहीत आहेत. २०१७ साली त्यांच्या जन्मदिवशी, २२ नोव्हेंबरला, गुगलनं त्यांचं चित्र लावलं आणि त्यांच्यावर सिनेमाही निघाला, तेव्हा कुठं थोडी चर्चा झाली. म्हणून आज त्यांची गोष्ट सांगते. ती आपल्या लेकींच्या फार उपयोगाची आहे.

आईचा पाट आणि लेकीचं लग्न

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा, सुतार समाजातला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. आईचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, पंधराव्या वर्षी रखमा पोटी आली आणि सतराव्या वर्षी आई विधवा झाली. हे आकडे पुन्हा एकदा वाचा. आज ज्या वयात आपल्या मुली दहावी-बारावीचे पेपर देतात, त्या तीन वर्षांत त्या बाईचं लग्न, बाळंतपण आणि वैधव्य सगळं उरकलं होतं.

त्यांच्या समाजात विधवेचा पाट लावायची रीत होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. ते बिजवर होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजशी त्यांचा संबंध होता, वनस्पतींचा त्यांचा अभ्यास दांडगा होता आणि १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्ग अभ्यासकांच्या संस्थेच्या संस्थापकांत त्यांचं नाव आहे. दुसरं लग्न करण्याआधी जयंतीबाईंनी एक शहाणपणाचं काम केलं. पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता त्यांनी लेकीच्या नावावर केली. पुढं सगळ्या भांडणात या मालमत्तेचीही चर्चा झाली, हे ध्यानात ठेवा.

घर सुधारकी, सावत्र वडील डॉक्टर. तरी रखमाचं लग्न अकराव्या वर्षीच झालं. त्या काळात सुधारलेल्या घरालाही समाजापुढं मान तुकवावी लागायची. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीसच्या आसपास, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला. त्यानं घरजावई म्हणून राहायचं, शाळा शिकायची आणि चांगला माणूस व्हायचं, अशी बोली झाली होती. सहाएक महिन्यांनी रखमाला न्हाण आलं. रीतीप्रमाणं पुढचे विधी व्हायला पाहिजे होते, पण सखाराम अर्जुनांनी डॉक्टर या नात्यानं त्याला साफ नकार दिला. एवढ्याशा पोरीच्या शरीरावर काय संकट येतं, ते त्यांना माहीत होतं.

दादाजीचं मन शाळेत रमलं नाही. शिकणं सोडून तो मामाच्या घरी राहायला गेला आणि मामाच्याच सल्ल्यानं चालू लागला. रखमा आईजवळच राहिली. शाळा बंद झाली होती, पण वाचन सुटलं नाही. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तकं यायची, ती घरी बसून वाचायची. इंग्रजीही तिनं असंच मिळवलं. प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊन ती शिकल्या-सवरल्या बायकांची भाषणं ऐकायची. अशी आठ-दहा वर्षं गेली. लग्न झालं होतं, पण संसार एक दिवसही झाला नव्हता.

नोटीस येते

मार्च १८८४ मध्ये दादाजीनं वकिलामार्फत नोटीस पाठवली की माझ्या बायकोला माझ्याकडं नांदायला पाठवा. रखमाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांनी जायला नकार दिला. दादाजीची तब्येत चांगली नाही, घर चालवायची ऐपत नाही, आणि मुख्य म्हणजे न कळत्या वयात माझ्या संमतीशिवाय लावलेलं लग्न माझ्यावर बंधनकारक नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दादाजी आणि त्याच्या मामाचा डोळा मालमत्तेवर आहे, असंही त्यांच्या बाजूचे लोक म्हणत. १८८५ च्या एप्रिलमध्ये सखाराम अर्जुन वारले. घरातला मोठा आधार गेला. आता उरल्या त्या दोघी मायलेकी, आणि समोर हायकोर्टातला खटला.

इथं कायद्याचा एक मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. बायको नांदत नाही म्हणून नवऱ्यानं सरकारी कोर्टात जायचं, ही आपल्या धर्मशास्त्रातली वाट नव्हे. अशी भांडणं आपल्याकडं जातपंचायतीत मिटायची, नाहीतर काडीमोड व्हायची. नांदायला लावण्याचा दावा ही इंग्लंडमधल्या चर्चच्या कोर्टांची पद्धत. इंग्रजांनी ती इकडं आणली. गंमत अशी की खुद्द इंग्लंडमध्ये, असा हुकूम न मानणाऱ्याला तुरुंगात टाकायची शिक्षा १८८४ मध्येच रद्द झाली. म्हणजे ज्या वर्षी रखमाबाईंना नोटीस आली, त्याच वर्षी. इथल्या कायद्यात मात्र सहा महिन्यांच्या कैदेची तरतूद तशीच राहिली. तिकडच्या मेमला जी शिक्षा नाही, ती इकडच्या बाईला.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला. नवरा-बायको एकत्र राहून मग वेगळे झाले असतील तर त्यांना पुन्हा एकत्र आणण्यासाठी हा कायदा आहे. इथं मुळात संसार सुरूच झालेला नाही, लग्न झालं तेव्हा ही मुलगी असहाय लेकरू होती, आता तिला जबरदस्तीनं त्या माणसाच्या ताब्यात देणं क्रूरपणाचं होईल, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता. रखमाबाई जिंकल्या.

या निकालानं मोठा गदारोळ झाला. धर्म बुडाला, आता शिकलेल्या बायका नवऱ्यांना सोडून जाणार, इंग्रजांना आमच्या घरात नाक खुपसायचा काय अधिकार, अशी ओरड झाली. लोकमान्य टिळकांसारख्या मोठ्या माणसानंही रखमाबाईंच्या विरोधात भूमिका घेतली. टिळकांना आपण देव मानतो, स्वराज्यासाठी त्यांनी काय सोसलं ते जगाला माहीत आहे. पण बायकांच्या या प्रश्नावर ते दुसऱ्या बाजूला उभे होते, हेही खरंच आहे आणि ते लपवायचं कारण नाही. दुसरीकडं काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारखे नामवंत वकील रखमाबाईंच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले. बेहरामजी मलबारी नावाचे पारशी संपादक पेनाला शाई लावून बसलेलेच होते. बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर त्यांनी १८८४ मध्ये टिपणं छापून देशभर चर्चा सुरू केली होती.

आणि त्याच १८८५ साली टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू बाईची पत्रं आली. नाव नव्हतं, फक्त एक हिंदू स्त्री एवढंच. पहिलं पत्र बालविवाहावर, दुसरं विधवांच्या हालांवर. लहानपणी लग्न झालं की मुलीचं शिक्षण कसं तुटतं, तिच्या शरीराचे आणि मनाचे कसे हाल होतात, पुरुषाला सगळी मोकळीक आणि बाईला सगळी बंधनं कशी, हे त्यात रोखठोक लिहिलं होतं. ही पत्रं लिहिणारी रखमाबाईच होती, हे लोकांना नंतर कळलं. शाळा सुटलेल्या आणि घरी बसून इंग्रजी शिकलेल्या या मुलीनं आपलं दुःख सांगता सांगता सगळ्या बायकांचं दुःख मांडलं. मला त्यांचा हा गुण सगळ्यात मोठा वाटतो. माझ्यावर अन्याय झाला एवढंच त्या म्हणाल्या नाहीत. आपल्यावर अन्याय होतोय, असं म्हणाल्या.

तुरुंग परवडला

दादाजीनं अपील केलं. १८ मार्च १८८६ रोजी मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हेंचा निकाल फिरवला आणि खटला पुन्हा खाली पाठवला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने कैद.

रखमाबाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. त्यांनी उत्तर दिलं की हुकूम मानण्यापेक्षा मी शिक्षा भोगीन. घरंदाज बाईनं कोर्टाची पायरी चढणंच ज्या काळात बदनामीचं होतं, त्या काळात ही मुलगी तुरुंगात जायला तयार झाली. अंगावर शहारे येतात. सत्याग्रह हा शब्द अजून जन्माला यायचा होता, गांधीजी तेव्हा अजून विलायतेला शिकायलाही गेले नव्हते. अन्यायाचा हुकूम मोडायचा, पण पळून जायचं नाही, शिक्षा भोगायची, ही गोष्ट मुंबईतल्या एका बाईनं आधीच करून दाखवली होती.

आता ही बातमी समुद्रापार गेली. मुंबईत त्यांच्या मदतीसाठी समिती झाली. त्यात मलबारी होते, कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची होत्या. लंडनच्या टाइम्सनं एप्रिल १८८७ मध्ये रखमाबाईंचं पत्र छापलं. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं होत होती, त्या सोहळ्याचं वर्ष होतं. रखमाबाईंनी सुचवलं की हिंदू कायद्याच्या पुस्तकात फक्त एक वाक्य घाला : मुलगा वीस वर्षांचा आणि मुलगी पंधरा वर्षांची व्हायच्या आत लागलेलं लग्न कोर्टापुढं आलं तर ते कायदेशीर धरलं जाणार नाही. त्यांना एवढं एकच वाक्य पाहिजे होतं. त्या वाक्याचं पुढं काय झालं ते शेवटी सांगते.

मॅक्स म्युलर यांच्यासारख्या विद्वानानंही या खटल्यावर लिहिलं. अमेरिकेत असलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८७ साली फिलाडेल्फियात छापलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात रखमाबाईंची हकीकत सांगितली आणि ती अमेरिकेतल्या बायकांनी वाचली. आजच्या भाषेत सांगायचं तर ही मानवी हक्कांची जागतिक मोहीम होती. फोन नव्हता, मोर्चा नव्हता. होती ती पत्रं, वर्तमानपत्रं आणि ऐकून गप्प न बसणारी माणसं.

हे सगळं पाहून सरकारला तिला तुरुंगात टाकणं अवघड झालं आणि दादाजीलाही खटला जड झाला. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीनं आपला हक्क सोडला. राणीनं लग्न मोडून दिलं अशी गोष्ट काही ठिकाणी वाचायला मिळते, पण प्रत्यक्षात मामला मिटला तो असा, पैशानं. पुढच्या वर्षी दादाजीनं दुसरं लग्न केलं. रखमाबाईंनी मात्र पुन्हा कधी लग्न केलं नाही.

एका बैठकीत मी ही गोष्ट सांगत होते तेव्हा एका म्हाताऱ्या आजीनं विचारलं की बाई, सोडवणूक करायला पैसे तिनंच दिले का? मी हो म्हटलं. आजी म्हणाल्या की तवा बी बाईलाच द्यावं लागलं म्हणा की. सगळ्या हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

एकीच्या नकारातून कायदा

रखमाबाई कोर्टात हरल्या असंच कागदावर लिहिलेलं आहे. पण त्यांनी उभा केलेला प्रश्न मिटला नाही. १८६० च्या दंडसंहितेत मुलीच्या संमतीचं वय दहा वर्षं होतं, लग्न झालेल्या मुलीचंही तेच. म्हणजे दहा वर्षांच्या पोरीवर नवऱ्यानं जबरदस्ती केली तर तो गुन्हा नव्हता. १८८९-९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या अशाच जबरदस्तीत रक्तस्राव होऊन मरण पावली. नवरा तिशीपुढचा. त्याला शिक्षा झाली एक वर्षाची. देशात काम करणाऱ्या पन्नासहून अधिक स्त्री डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडं अर्ज केला आणि अशा लहान बायकांची काय अवस्था आम्ही दवाखान्यात पाहतो, ते लिहून कळवलं. मलबारी इंग्लंडला जाऊन आले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, आगरकर यांनी कायद्याच्या बाजूनं बळ लावलं. विरोधही प्रचंड झाला. अखेर १९ मार्च १८९१ रोजी संमतिवयाचा कायदा झाला आणि दहाचं वय बारा झालं.

फक्त बारा! आज हसू येईल. त्या कायद्यानं लगेच घरोघरी फरक पडला असंही नाही. पण नवऱ्याचा बायकोवर अमर्याद हक्क नाही, मध्ये कायदा येऊ शकतो, हे पहिल्यांदा ठामपणे मान्य झालं. ही लढाई एकट्या हिंदुस्थानची नव्हती, हेही पाहा. इंग्लंडमध्ये मुलींच्या संमतीचं वय तेरावरून सोळा झालं ते १८८५ मध्ये, तेही वर्तमानपत्रांतून मोठी मोहीम झाल्यावर. आणि १८९१ मध्येच, आपल्याकडं संमतिवयाचा कायदा झाला त्याच महिन्यात, तिथल्या कोर्टानं सांगितलं की नवऱ्याला बायको घरात डांबून ठेवायचा हक्क नाही. एका गावातल्या नवऱ्यानं नांदत नाही म्हणून बायकोला चर्चच्या दारातून पळवून नेलं होतं, तो तो खटला. म्हणजे साहेबाच्या देशातही बाईची कथा फार वेगळी नव्हती.

आपल्या कंधारला मात्र यातलं काहीच लागू नव्हतं. आपण निजामाच्या राज्यात. इंग्रजी मुलखातला कायदा इथं चालत नसे. १९२९ चा सारडा कायदा, ज्यानं मुलीचं वय चौदा आणि मुलाचं अठरा केलं, तोही इंग्रजी मुलखापुरता. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, त्यानंतरच देशाचे कायदे इकडं आले. आपल्या आज्या-पणज्यांची लग्नं पाळण्यात, मांडीवर बसवून कशी लागली, त्याचं हेही एक कारण आहे. तिकडं चळवळ झाली तशी इथं व्हायला खूप उशीर झाला.

डॉक्टरीणबाई

तडजोड झाली तेव्हा रखमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या. बरं झालं, सुटले, आता घरी बसते, असं त्यांनी केलं नाही. डॉ. एडिथ पीचींनी त्यांना डॉक्टर व्हायला सुचवलं आणि पैसे उभे करायला मदत केली. शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये दिले. इंग्लंडमधल्या बायकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या मंडळींनी तिकडची सोय पाहिली. १८८९ मध्ये रखमाबाई बोटीनं लंडनला गेल्या आणि बायकांच्या वैद्यकीय शाळेत शिकू लागल्या. १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परत आल्या. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, पण परत आल्यावर काही महिन्यांतच गेल्या, त्यांना दवाखाना चालवता आला नाही. रखमाबाईंना आयुष्य मिळालं आणि त्यांनी ते सगळं बायकांच्या दवाखान्यात घालवलं. दवाखाना चालवणाऱ्या देशातल्या पहिल्या काही डॉक्टर बायकांत त्यांची गणना होते.

मुंबईत थोडे दिवस काम करून १८९५ मध्ये त्या सुरतेला बायकांच्या दवाखान्यात गेल्या आणि वीस वर्षांहून अधिक काळ तिथं राहिल्या. नंतर राजकोटच्या जनाना इस्पितळाच्या प्रमुख झाल्या. निवृत्त होऊन मुंबईला परतल्या तेव्हा वय पासष्टच्या घरात. तेव्हाही पडदा पद्धत बंद झाली पाहिजे म्हणून त्यांनी लिहिलं. म्हणजे जवळपास पस्तीस वर्षं त्या बाळंतिणींची, पोरीबाळींची, पुरुष डॉक्टरला दाखवायला लाजणाऱ्या बायकांची सेवा करत राहिल्या. ज्या मुलीच्या लहानशा शरीराची काळजी एका डॉक्टर बापानं घेतली, तिनं मोठी होऊन तीच काळजी हजारो जणींची घेतली.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मला कोड्यात टाकते. १९०४ मध्ये दादाजी वारला. ज्या लग्नाला त्यांनी कधी लग्न मानलं नाही, ज्याच्याविरुद्ध तुरुंगात जायला तयार झाल्या, त्या माणसाच्या मरणानंतर रखमाबाई विधवेसारखं पांढरं पातळ नेसू लागल्या. का? शिकल्या-सवरल्या बायका यावर वेगवेगळं बोलतात. मला वाटतं, दवाखान्यात येणाऱ्या साध्या बायकांना आपली डॉक्टरीणबाई परकी वाटू नये, एवढंही कारण असेल. किंवा आयुष्यभर मनात काही राहिलं असेल. लढणारी बाई म्हणजे दगड नव्हे. कोर्टात जिंकलेली बाईसुद्धा शेजारपाजाऱ्यांच्या नजरेतच राहते, हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला होता आणि देशभरातल्या हिंदू बाईला घटस्फोटाचा हक्क मिळाला होता. ती बातमी त्यांच्या हयातीतली आहे. त्याआधी १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात लिहिलं गेलं की दोघांच्या मोकळ्या आणि पूर्ण संमतीनंच लग्न व्हावं. त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात सगळे पुरुष या शब्दांऐवजी सगळी माणसं असं लिहायला लावणाऱ्या हंसाबेन मेहता आपल्याच देशाच्या.

त्या एका वाक्याचं काय झालं?

रखमाबाईंनी १८८७ मध्ये मागितलेलं वाक्य आपल्या कायद्यात यायला एकोणीस वर्षं कमी सव्वाशे नव्हे, चांगली ११९ वर्षं लागली. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं ती वाट दिली. मैत्रिणींनो, ही माहिती कापून ठेवा.

मुलगी अठराच्या आत किंवा मुलगा एकवीसच्या आत असताना लग्न लागलं, तर लहान वयात लग्न झालेल्याला ते रद्द करून मागता येतं. मुलीला हा अर्ज वीस वर्षांची होईपर्यंत करता येतो. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. मुलगी अजून अठराची नसेल तर पालक किंवा तिचं हित पाहणारं मोठं माणूस, बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्याला सोबत घेऊन अर्ज करू शकतं. लग्न रद्द झालं तरी मुलीला पुन्हा लग्न होईपर्यंत पोटगी आणि राहायला जागा मागता येते. लेकरू झालेलं असेल तर ते औरस धरलं जातं. म्हणजे रखमाबाईंसारखे दोन हजार रुपये मोजून सुटका विकत घ्यायची गरज नाही. बाईला कमाई कितीही असली तरी सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत चौकशी करावी.

बायकोनं नांदायला यावं म्हणून नवऱ्यानं दावा लावायची तरतूद आपल्या कायद्यात अजून आहे. बायकोलाही तसा दावा लावता येतो. पण हुकूम मानला नाही म्हणून कैद होत नाही. कैदेची शिक्षा १९२३ मध्येच गेली. तेव्हा कोर्टाचा कागद आला म्हणून घाबरून कुणी लेकीला मारझोडीच्या घरी परत ढकलू नये. आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अठराच्या आतल्या बायकोशी शरीरसंबंध हा बलात्कारच आहे. दहा, बारा, पुढं पंधरा आणि आता अठरा. हा जिना चढायला दीडशे वर्षं लागली.

आणि तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायकांपैकी जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात हा आकडा ४८ होता, बीडमध्ये ४४ च्या जवळ. मराठवाड्याची ही दशा. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचं, वयात आलेली लेक कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून घाईनं सोयरीक जुळवली जाते. गावात सातवीच्या पुढं शाळा नसते, एसटी वेळेवर येत नसते. आईबाप वैरी नसतात, हे मला गावोगाव फिरताना कळलं आहे. त्यांना भीती असते. पण त्या भीतीची किंमत लेक मोजते.

अशा एका लेकीला मी ओळखते. नाव-गाव सांगत नाही. सोळाव्या वर्षी लग्न झालं, अठराव्या वर्षी ती परत आली. सगळे तिला नांदायला समजावत होते. आम्ही दोघी-तिघींनी तिच्या आईला हा कायदा समजावून सांगितला. आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली की हे आम्हाला आधी कुणी का नाही सांगितलं? ती मुलगी आता नर्सिंग शिकते आहे.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. वस्तीत लहान मुलीचं लग्न ठरतंय असं कळलं तर ग्रामसेवकाला सांगा, अंगणवाडी ताईला सांगा, १०९८ वर फोन करा. लग्न लावणाऱ्याला, जमवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हेही कानावर घाला. आणि लेक परत आलीच, तर नांदत का नाही असं विचारण्याआधी, बाई, तुला काय पाहिजे, एवढं विचारा. रखमाबाईंना हा प्रश्न पहिल्यांदा त्यांच्या आईनं आणि सावत्र वडिलांनी विचारला. बाकीचं जग नंतर त्यांच्या बाजूला आलं.